‘कन्यादान’ : चप्पल, टाळी आणि अरुणची आई

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ ह्या नाटकाला दोन बक्षिसं मिळाली. एक चपलेचं, दुसरं सरस्वती सन्मानाचं. नाटक रंगमंचावर आलं १९८३ ला. त्यापायी तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली. पुढं १९९३ चा सरस्वती सन्मान ह्याच नाटकाला मिळाला. तो घेताना तेंडुलकरांनी आपणहून दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही निकालांचा मी मान राखतो, असं म्हटलं. लेखकाला ते शोभलं. पण प्रेक्षकांचं काय? ज्यानं चप्पल मारली आणि ज्यानं टाळी वाजवली, ते दोघं घरी जाताना काय घेऊन गेले? त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. नाटक चांगलं की वाईट, एवढं ठरवून समीक्षक मोकळे झाले. मला प्रेक्षकांच्या बाजूनं लिहायचंय.

कुणी म्हणेल, चाळीस वर्षांचं मढं कशाला उकरता? मढं असतं तर उकरलं नसतं. नाटक जिवंत आहे. त्याचं इंग्रजी झालं, ते विद्यापीठांतून शिकवलं गेलं. आमच्या वस्तीतली पोरगी कॉलेजात जाते आणि अरुण आठवले तिला धडा म्हणून भेटतो. शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्याकडं बघते. तो बघण्याचा प्रश्न आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. नाथ देवळालीकर हा समाजवादी पुढारी. बायको सेवा, समाजकार्य करणारी. मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. नावांवरूनच घर कळतं. ज्योती एक दिवस सांगते, मला अरुण आठवले ह्या दलित कवीशी लग्न करायचंय. आई आणि भाऊ बिचकतात. नाथला मात्र उमाळा येतो. आजवर भाषणात सांगितलेला जातिअंत आता आपल्याच घरात घडणार! लग्न होतं. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती माहेरी येते, परत जाते. पोटुशी असतानाही मार खाते. इकडं अरुणचं आत्मचरित्र गाजतं. त्यावरच्या सभेचं अध्यक्षपद घ्या, म्हणून नाथला गळ घातली जाते. मनात किळस असताना नाथ जातो आणि पुस्तकाची तोंडभर स्तुती करतो. शेवटी ज्योती बापाला जाब विचारते. खोटं का बोललात? माणूस वाईट नसतो असं शिकवून मला परतीची वाट का ठेवली नाहीत? मग आता मी अरुणच्या जातीची, मला शिवू नका, असं सांगून ती निघून जाते.

सदाशिव अमरापूरकरांनी हे नाटक बसवलं. नाथ केला डॉ. श्रीराम लागूंनी. लागूंसारखा नट नाथ झाला की थिएटर कुणाच्या काळजानं श्वास घेणार, हे काय सांगायला पाहिजे?

तेंडुलकरांच्या बाजूचे लोक म्हणतात, नाटक दलितांवर नाहीच, नाथवर आहे. पुरोगामी माणसाच्या ढोंगावर आहे. बरोबर. पुस्तक वाचलं की तसंच दिसतं. नाथ हा मुलीचा बळी देऊन स्वतःचं तत्त्व राखतो आणि तेही त्याला राखता येत नाही. तेंडुलकरांनी त्याला सोडलेलं नाही. तेंडुलकर आमचे वैरी होते असंही मी म्हणणार नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली प्रस्तावना तेंडुलकरांचीच होती. त्या काळात कुठला पांढरपेशा लेखक त्या गल्ल्यांत हिंडला? तेव्हा हेतूवर वाद नको.

पण नाटक लेखकाच्या हेतूत घडत नाही. ते घडतं थिएटरात, तिकीट काढून बसलेल्या माणसांत. आता १९८३ चं थिएटर डोळ्यांपुढं आणा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ च्या जुलैमध्ये झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नाव मिळायला १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला. म्हणजे ‘कन्यादान’ आलं तेव्हा ती आग विझलेली नव्हती. दया पवारांचं ‘बलुतं’ येऊन पाच वर्षं झाली होती. दलित आत्मकथनं वाचून पांढरपेशा वाचक अस्वस्थ होत होता. आपण काही पाप केलंय, असं त्याला पहिल्यांदा वाटायला लागलं होतं. त्या ऐन वेळी रंगमंचावर एक दलित कवी येतो. त्याचं आत्मचरित्र गाजतंय आणि घरी तो गरोदर बायकोला लाथा घालतोय. प्रेक्षागृहात काय झालं असेल? सुटका झाली. आत्मकथनानं घातलेलं ओझं उतरलं. हे लिहिणारेच असे असतील तर आम्ही कशाला अपराधी वाटून घ्यायचं?

ही सुटका टाळीत असते असं नाही. बऱ्याचदा ती चुकचुकण्यात असते. ज्योतीसाठी चुकचुकणं. त्या चुकचुकण्यात एक जुनं वाक्य लपलेलं असतं, ‘आम्ही म्हणतच होतो.’ नाटकात तेच तर घडतं. भिणारी आई बरोबर ठरते. बिचकणारा भाऊ बरोबर ठरतो. चुकतो तो एकटा नाथ, ज्यानं दलिताला घरात घेतलं. तेंडुलकरांना नाथचं ढोंग दाखवायचं होतं, हे कबूल. पण थिएटरातल्या माणसाला ढोंग दिसलं नाही, त्याला धडा दिसला. पोरगी देऊ नका.

आता आमच्या प्रेक्षकाचं. तो खुर्चीत बसला आणि पहिल्या प्रवेशापासून आरोपी झाला. अरुण ओशाळला की तो ओशाळला. अरुणनं ज्योतीचा हात पिरगाळला तेव्हा आजूबाजूच्या खुर्च्या आपल्याकडं वळल्या, असं त्याला वाटलं. त्याला बोलायची सोय नाही. साक्षीदार नाही. अशा माणसाच्या हातात चप्पल आली तर मला नवल वाटत नाही.

पण त्या चपलेवर जे प्रवचन झालं त्याचा मला राग आहे. दलितांना कला कळत नाही म्हणे. दलित भावनाप्रधान आहेत म्हणे. बरं. ह्याच तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात आलं. नाना फडणवीस आणि पुण्याचे ब्राह्मण त्यात कसे दिसतात म्हणून केवढं रान उठलं! एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. थिएटर अकादमीनं ते १९७४ ला पुन्हा उभं केलं. १९८० ला युरोपला न्यायचं ठरलं तर पुन्हा बोंब. तेव्हा पुण्याच्या ब्राह्मणांना कला कळत नाही, असं किती जणांनी लिहिलं? त्यांचा राग म्हणजे इतिहासाचा प्रश्न, अस्मितेचा प्रश्न, पेपरातल्या अग्रलेखाचा विषय. आमचा राग म्हणजे अडाणीपणा. एकाच लेखकाच्या दोन नाटकांवर दोन जातींनी संताप केला आणि दोघांना दोन मापं लागली.

इथपर्यंत आमच्यातल्या बहुतेकांना पटेल. पुढचं कदाचित पटणार नाही. तरी लिहितो.

आमच्या मनमाडला नाटकं यायची सोय फारशी नाही. मोठं नाटक बघायचं तर नाशिक गाठा, नाहीतर गाडीनं मुंबई. म्हणून आम्ही नाटकाचं पुस्तकच मोठ्यानं वाचलं. विहाराच्या हॉलात, दोन रात्री. रेल्वेतले रिटायर गँगमन होते, वर्कशॉपातले होते, गोदामावर पोती उचलणारे होते, कॉलेजची पोरं होती. बायाही आल्या, मागं भिंतीला टेकून बसल्या. मालगाडी गेली की वाचणारा थांबायचा, गेली की पुढं.

पुरुषांची प्रतिक्रिया ठरलेली होती. एक वर्कशॉपवाला उठून म्हणाला, ‘बामनाची पोरगी बामनाच्या घरात मार खात नाही का? त्याच्यावर लिवा म्हणावं.’ दुसरा म्हणाला, ‘ही सगळी आपली बदनामी. ह्यो अरुण आपला न्हाईच.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुद्दा चुकीचा नव्हता. ब्राह्मणाच्या घरातला मार हा त्या घराचा मामला ठरतो आणि आमच्या घरातला मार आमच्या जातीचा गुण ठरतो. हे नाटकाच्या आधीपासून चालत आलंय.

मग मागून एक म्हातारी बोलली. ‘मारतो ते मारतोच की. त्यात खोटं काय हाये? माझ्या पाठीला इचारा. पन ह्याची माय कुठं हाये? सून मार खाती आन् माय कुठंच कशी न्हाई?’

हॉल गप झाला. कुणाला उत्तर देता येईना. आमचे पुरुष चपलेपर्यंत येऊन थांबले होते. म्हातारी पुढं गेली होती. तिनं एका वाक्यात दोन कामं केली. मार खरा आहे म्हणाली, आणि नाटक अर्धं आहे म्हणाली.

तिचा प्रश्न घेऊन पुस्तक परत उघडा. अरुण सांगतो की त्याचा बाप दारू पिऊन आईला मारायचा. मारण्याचं कारण म्हणून तो हे सांगतो. म्हणजे अरुणची आई नाटकात आहे, पण फक्त मार खाणारी पाठ म्हणून. ती रंगमंचावर येत नाही. तिला एक वाक्य नाही. अख्ख्या नाटकात एकही दलित बाई बोलत नाही. सेवाला बोलायला मिळतं. ज्योती तर शेवटी सगळ्यांना बोलते. जिच्या मारावर अरुणचं सगळं समर्थन उभं आहे ती मात्र मुकी. आणि ती मुकी राहिल्यामुळंच अरुणचं म्हणणं टिकतं. ती आली असती तर काय म्हणाली असती? ‘मी मार खाल्ला म्हणून तू बायकोला मारणार? मी तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी?’ एवढं एक वाक्य आलं असतं तर मारणं ही दलिताची परंपरा राहिली नसती, मारणाऱ्याची निवड झाली असती. मग नाथचं ढोंगही वेगळं दिसलं असतं. आणि थिएटरातल्या चुकचुकणाऱ्याला सुटका मिळाली नसती, कारण ‘हे लोक असेच’ म्हणायला जागाच उरली नसती.

नाटकातली उणीव मला इथं दिसते. तेंडुलकरांनी दलिताला वाईट दाखवलं, ही तक्रार मी करणार नाही. वाईट माणूस दलित असू शकतो. समतेत तेही आलं. त्यांनी एकच दलित दाखवला आणि त्याच्या तोंडून सगळ्या जातीची जबानी घेतली, ही माझी तक्रार आहे. एका माणसाच्या गुन्ह्याला त्यांनी जातीचा दाखला जोडला.

पण म्हातारीच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग आपण खाऊन टाकायचा नाही. ‘मारतो ते मारतोच की.’ हे तेंडुलकरांनी शोधून काढलेलं नाही. आमच्या बायांनी ते स्वतः लिहिलंय. बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ १९८६ ला पुस्तकरूपानं आलं. महारवाड्यात सुनांचे काय हाल होत, सासू आणि नवरा काय करत, हे त्यांनी हातचं न राखता सांगितलं. त्याच पुस्तकात बाबासाहेबांच्या मागं उभ्या राहिलेल्या बायाही आहेत. दोन्ही एकाच लेखणीतून. मल्लिका अमर शेख ह्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ ला आलं, नाटकानंतर एका वर्षानं. तिथं एका बाईनं आपल्या संसाराची कैफियत आपल्या नावानं मांडली. ह्या पुस्तकांनी आमची बदनामी केली नाही. त्यांनी आम्हाला जाब विचारला. बदनामी आणि जाब ह्यांतला फरक आमच्या चळवळीनं शिकायला पाहिजे. जाब विचारणारी आमच्यात उभी असते.

आणि मनमाडच्या माणसाला तर हे बाहेरून शिकायची गरज नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला ह्याच गावात जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथं सांगितलं. आपण ते भिंतीवर रंगवतो, जयंतीला बोलतो. पण त्याच भाषणात त्यांनी ब्राह्मणशाही म्हणजे काय, तेही सांगितलं होतं. ब्राह्मण जातीची सत्ता एवढाच तिचा अर्थ नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मणशाही. तिची सुरुवात ब्राह्मणांनी केली असली तरी ती सगळ्या वर्गांत भिनलेली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आता हे माप अरुणला लावा. घरात बायकोचं स्वातंत्र्य नाकारतो, समता नाकारतो, तो अरुण कुणाच्या बाजूचा? तो मनमाडच्या ठरावातला शत्रू नंबर एक घरात पोसतोय. हे म्हणायला तेंडुलकर लागत नाहीत, बाबासाहेब पुरे आहेत. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायांना सांगितलं होतं की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीनं राहा, गुलाम होऊ नका. आमच्या पोरांना मनमाडचं भाषण पाठ असतं. नागपूरचं किती जणांना आठवतं?

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पुन्हा अर्धंच राहील. ‘कन्यादान’ बघून बाहेर पडणारा माणूस धरून चालतो की आंतरजातीय लग्नात धोका सवर्ण मुलीला आहे. महाराष्ट्रानं काय पाहिलं? २०१३ च्या जानेवारीत सोनईला तीन दलित तरुण मारून टाकले गेले, प्रेमाच्या कारणावरून. त्या खटल्यात नाशिकच्या कोर्टानं २०१८ ला सहा जणांना फाशी सुनावली. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्याला सतरा वर्षांचं आमचं पोर मारून झाडाला लटकवलं, मुलीशी बोलतो म्हणून. २०१७ ला त्यातले आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही गावं तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, आमच्या शेजारची. बाबासाहेबांनी १९३६ ला ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय लग्न हा खरा उपाय सांगितला. त्या उपायाची किंमत कुणाच्या रक्तानं चुकती झाली, हे ह्या दोन गावांत जाऊन बघा. ह्याच्यावर चुकचुकायला थिएटरं भरत नाहीत.

पण लक्षात घ्या, खर्डा सांगून ज्योतीची पाठ झाकता येत नाही. तिचा मार खरा, त्या पोरांचं मरण खरं. एकावर दुसरं ठेवून तागडी मारायची नसते.

मग आपण प्रेक्षकांनी करायचं काय? चप्पल मारली की लेखक मोठा होतो, हे एव्हाना कळलंय. बहिष्कार टाकला की पुस्तक खपतं. गप बसलं की पोरीला कॉलेजात खाली मान घालावी लागते. उत्तर नाटकानंच द्यावं लागतं. ते अगदीच दिलं गेलं नाही असंही नाही. प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’त दोन पात्रांवर सगळा पाण्याचा प्रश्न उभा केला. दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’त दलित प्राध्यापकाची बायको ब्राह्मण आहे. ते नाटक बघा. तिथं भांडणं आहेत, पण ती चळवळीची भांडणं आहेत. जुना आंबेडकरवादी काका आहे, तडकणारा अर्जुन आहे, मधे अडकलेला सतीश आहे. तीन दलित, तीन मतं. एकाच्या तोंडून जातीची जबानी घ्यायची सोयच नाही. ‘कन्यादान’नं जे केलं नाही ते इथं झालं. त्याला सन्मान मिळाला नाही म्हणून आपण ते विसरायचं का?

त्याच्याही आधी आमच्या नाशिक जिल्ह्यात जलसे होते. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव हिंडला. त्याला पडदा नव्हता, तिकीट नव्हतं. समोर बसलेला माणूस मधेच उठून सवाल टाकू शकायचा. प्रेक्षकाला आरोपीच्या खुर्चीत बसवून तोंड बांधायची पद्धत तिथं नव्हती. आज आमचे नाटकवाले स्पर्धेचं नाटक बसवतात, परीक्षकाकडं बघून लिहितात. जलशातला तो उठून सवाल टाकणारा माणूस त्यांनी घालवला.

म्हणून माझं सरळ सांगणं आहे. ‘कन्यादान’वर आता लेख पुरे, माझाही धरून. कुणीतरी नाटक लिहा. त्यात अरुण असू दे, तसाच, दारू पिणारा आणि मारणारा. त्याला गोरा करू नका. ज्योतीही असू दे. पण दार उघडून अरुणच्या आईला आत येऊ दे. तिला बसायला जागा द्या आणि मग बोलू द्या. पोराला ती काय बोलते, नाथला काय बोलते, सेवाला काय सांगते आणि ज्योतीला पोटाशी धरते की दाराबाहेर काढते, ते आधीपासून ठरवू नका. आमच्या वस्त्यांतल्या बायांना विचारा. आणि पहिला प्रयोग तिकीट लावून करू नका. विहाराच्या ओट्यावर करा. बाया मागं भिंतीला टेकून बसतात, त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

लिहून झालं की आमच्याकडं पाठवा. स्टेन्सिल कापायला आणि शाई घालायला आम्ही तयार आहोत.

जयभीम.